दोन पायांची गाडी

गॅरेजमधली गाडी दुरुस्त होते आणि निघून जाते. किस्सा जात नाही. त्याला न्यायला मालक येत नाही, म्हणून तो तिथेच पडून राहतो आणि त्याच्यावर दुसरा येऊन पडतो. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मी अडतीस वर्षं इंजिनं उघडली. ढीग केवढा झाला असेल, विचार करा! सगळा उपसत बसलो तर व्हिसा पुन्हा रिन्यू करावा लागेल. म्हणून एकाच गाडीचं सांगतो.

*

गाडीचा मालक बू राशिद. बू म्हणजे बाप, आणि राशिद हा त्याचा थोरला मुलगा. इथे माणसाला थोरल्याच्या नावाने हाक मारतात. वय सत्तरच्या पुढे. गाडी अमेरिकन, दोन दारांची, जवळजवळ अर्धी गाडी म्हणजे नुसतं बोनेट. तरुणपणी घेतलेली. ती पेट्रोल पिते असं म्हणणं चूक. ती आंघोळ करते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने क्लच दाबायला बंदी केली. गाडी सहा महिने ताडपत्रीखाली. मग बू राशिद काठी टेकत माझ्याकडे आला.

"उस्ताद, ये गाडी दो पैर का है. एक पैर का बनाओ!"

मी म्हटलं, नुसता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लावून भागणार नाही. जुनं इंजिन उन्हाळ्यात दर सिग्नलला तापतं. म्हाताऱ्या बैलाच्या मानेवर नवं जू ठेवून नांगर ओढला जात नाही. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, सगळं नवं घालू.

राशिद बाजूला उभा होता. बँकेत मोठ्या जागेवर आहे. त्याचं म्हणणं, गाडी एखाद्या शौकिनाला विकावी आणि वडिलांनी ड्रायव्हरच्या मागे बसावं. वडील ऐकेनात. तेव्हा तो माझ्यासमोरच म्हणाला, "ठीक आहे, बनवा. पण पोलिसांचा एक दंड आला, एक जरी, तर चावी माझ्याकडे. खलास."

बू राशिदने बोनेटवरची धूळ बोटाने पुसली.

"ह्याला ह्याच गाडीतून शाळेत सोडायचो," तो मला म्हणाला. "रोज रडायचा. गाडीतून उतरायचं नाही म्हणून."

राशिद फोनवर बोलायला बाहेर गेला.

*

अपघात झालेली एक नवी पिकअप भंगारवाल्याकडे मिळाली. मागून ठोकलेली, पुढचं इंजिन कोरं. ते आम्ही आणलं. त्याच दिवशी लिमये साहेब गॅरेजात होते. पुण्याचे, दुबईत आयटीत मॅनेजर, स्वस्त भाड्यासाठी शारजात राहणारे.

"परकार चाचा, ही इंजिन स्वॅप मी व्हिडिओत बघितली आहे. दोन दिवसांचं काम असतं हो!"

"व्हिडिओ केवढा?"

"बावीस मिनिटांचा."

"दोन दिवसांचं त्यांनी बावीस मिनिटांत बसवलं. मला तेवढं जमत नाही."

ते स्टूल ओढून बसले आणि मला टॉर्क समजावून सांगू लागले. वजन पुढे किती, मागे किती, अॅल्युमिनियम किती हलकं. पाऊण तास.

मग मी विचारलं, आपण कशासाठी आलात? त्यांच्या स्वतःच्या गाडीत तीन आठवडे इंजिनातून टक टक आवाज येत होता. त्यांच्या मते व्हॉल्व्हचा. मी गाडी गल्लीतून एक फेरी फिरवून आणली आणि मागची डिकी उघडली. स्टेपनीच्या खड्ड्यात पितळी खलबत्ता लोळत होता.

"अरे! हा तर आईने पुण्याहून दिला होता! हिने सगळं घर शोधलं!"

बिलावर मी लिहिलं : खलबत्ता काढला. फुकट.

*

आता माझं ऐका, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उणी काढतो.

आमचा इलेक्ट्रिशियन शाजी, केरळचा. तो म्हणाला, "चाचा, इंजिन डालने से पहले टेप से नाप लो." मी टेप वापरत नाही. वीत आणि बोटं वापरतो. ही वीत अडतीस वर्षं चुकली नाही, असं मी त्याला सांगितलं. चारचौघांत सांगितलं.

इंजिन साखळीवरून हळूहळू खाली उतरवलं. बोल्ट बसले. गिअरबॉक्स बसला. शेजारच्या गॅरेजातले लोकही बघायला आले. बू राशिदने घरून कहवा आणि खजूर आणले होते. मी हात पुसले आणि बोनेट खाली घेतलं.

बोनेट बंद होईना. एअर फिल्टर वर आला होता.

शाजीने फार सभ्यपणे विचारलं, "चाचा, कितना ऊपर है?"

मी बोटं लावली. "चार बोटं."

"टेप लाऊँ?"

बू राशिदने खजुराची बी काढून रुमालात ठेवली आणि म्हणाला, "उस्ताद, मैं ऐसे ही चलाएगा. हवा अच्छा आएगा."

इंजिन पुन्हा बाहेर काढलं आणि ते ज्यांच्यावर टेकतं ते माउंट कापून खाली घेतले. टेपने मोजून.

*

इंजिन बसलं, पण चालेना. सुरू व्हायचं आणि दोन सेकंदांत बंद. तीन दिवस हेच. शाजीने लॅपटॉप जोडला आणि निकाल दिला : नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं की त्याला कुणीतरी चोरून आणलंय. त्याला त्याची जुनी चावी पाहिजे.

मी आणि बू राशिद भंगारवाल्याकडे गेलो. भंगारवाला पेशावरचा. त्याने एक पत्र्याचं पिंप दाखवलं. त्यात चाव्याच चाव्या! मेलेल्या सगळ्या गाड्यांच्या.

"हाजी साहब, इसी में है. कौन सी है, वो खुदा जाने."

उन्हात दोन तास आम्ही दोघं पिंपाशी बसलो. बू राशिद एकेक चावी हातात घ्यायचा, बघायचा, बाजूला ठेवायचा. तसबीचे मणी ओढावेत तसं. शेवटी भंगारवाला कंटाळला आणि त्याने पिंप गोणीत ओतलं. "सब ले जाओ यार, यल्ला!"

गोणी घेऊन गॅरेजात आलो तर इंजिन चालू! शाजी चहा पीत होता.

"चाचा, वो लॉक तो मैंने लैपटॉप से निकाल दिया."

"कधी?"

"आप निकले, उसके दस मिनट बाद. फोन किया था. आपने उठाया नहीं."

मी गाडी चालवताना फोन उचलत नाही. आणि त्या उन्हात फोन गाडीतच राहिला होता. हे मी शाजीला सांगितलं नाही. गोणी मात्र उतरवून घ्यायला लावली. त्यालाच.

*

इंजिन बदलायची परवानगी आधीच काढली होती. कागद पक्के. तरी पासिंगच्या दिवशी बू राशिद इस्त्रीचा नवा कंदुरा, म्हणजे इथला पांढरा पायघोळ झगा, घालून आला, जसा नवरदेवाचा बाप.

तपासणारा पोरगा गाडीखाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. मग त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. बोनेट उघडून पाचजणांनी फोटो काढले. एकाने आत बसून काढला. इंजिन पास. गिअरबॉक्स पास. ब्रेक पास. माझ्या वेल्डिंगला एकजण "माशाल्ला" म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग कागद हातात दिला. नापास!

मी म्हटलं, काय राहिलं?

"वायपरचं रबर कडक झालंय."

वर आभाळ निळं. शेवटचा पाऊस कधी पडला, ते पाचांतल्या एकालाही आठवत नव्हतं. मी त्यांना विचारलं होतं.

*

रबर बदललं, गाडी पास झाली. पहिली लांब फेरी डोंगरापलीकडच्या खोर फक्कानची. तिथे बू राशिदची बहीण राहते. नव्या इंजिनाच्या पहिल्या फेरीला मी स्वतः बाजूला बसतो. हा माझा नियम आहे.

त्याने काठी मागच्या सीटवर टाकली, एका पायाने पेडल दाबलं आणि गल्लीतली कबुतरं उडाली. हायवेला लागलो. मी मीटर बघितलं. चाळीस. वाटलं, इंजिन गरम होऊ देतोय. वीस किलोमीटर झाले. चाळीस! एक सिमेंटचा ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. मग शाळेची बस. मागच्या काचेतून पोरं हात हलवत होती. बू राशिदने उलट हात हलवला.

आम्ही मधल्या लेनमध्ये होतो. इथे हळू जाणाऱ्यांची लेन उजवीकडे असते. मी म्हटलं, निदान उजवीकडे घेऊ या.

"वो ट्रक का है," तो म्हणाला.

डोंगर दिसायला लागले तेव्हा मागे निळा दिवा दिसला. पोलीस तरुण होता. अदबीने वाकला. अरबीत बोलले, पण मला कळतं.

"बाबा, गाडीत काही बिघाड आहे का?"

"बिघाड? साडेचारशे घोडे आहेत!"

"मग चाळीसने का चालवता?"

"मला चाळीस पुरतात. बाकीचे मुलांसाठी ठेवलेत. त्यांना घाई असते."

पोलिसाने ओठ दाबून धरले. पण दंड तो दंड. हळू चालवल्याबद्दल.

गाडी बापाच्या नावावर, पण मोबाइल नंबर राशिदचा. मेसेज तिकडे जाणार. त्याच मोबाइलवर राशिदच्या मुलाचे, एकोणीस वर्षांच्या सैफचे, वेगाचे दंड आठवड्याला एक येतात, हे गॅरेजलासुद्धा माहीत. आणि बापाच्या बाबतीत राशिद काय बोलला होता, तेही. बू राशिदने गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. मीही समोर बघत बसलो.

माझा फोन वाजला. राशिदचा.

"उस्ताद, गाडी कोण चालवत होतं?"

"बाबा."

"तुम्ही नाही?"

"नाही."

"इथे लिहिलंय, हळू चालवल्याबद्दल. मेसेज चुकलाय का?"

"नाही. चाळीस."

मग म्हणाला, "त्यांना द्या."

बू राशिदने फोन कानाला लावला. ऐकलं. दोनदा "ला" म्हणाला. अरबीत त्याचा अर्थ नाही. फोन मला परत दिला.

मी विचारलं, "चावी मागितली?"

"नहीं. बोलता है, सैफ को गाडी चलाना सिखाओ."

"मग?"

"मैं बोला, टाइम नहीं है."

त्याने आरसा बघितला, गिअर टाकला आणि गाडी मधल्या लेनमध्ये घेतली.