गुडघ्याची मागणी

कामगारांच्या सुट्टीसाठी पत्रकं वाटणारा माणूस स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्याला सुट्टी नाकारत असेल, तर त्याला काय म्हणाल? तो मीच. बदलापूरच्या सायकल शर्यतीत शेवटून दुसरा आलो, हंगाम संपला, तरी वांगणीपर्यंत रोजचा सराव चालूच.

उल्हासनगरचा माझा सायकलवाला टायर दाबण्याआधी गिऱ्हाईकाचा गुडघा दाबतो. काल माझा दाबला आणि मी ओरडलो. त्याने माझ्या सायकलची दोन्ही पेडल काढून खणात ठेवली.

"अहो, पुढच्या शर्यतीचं काय?"

"नेते, पहिले गुडघ्याची मागणी मंजूर करा. दिवाळीनंतर या."

रागाने त्याच्याविरुद्ध पत्रक लिहायला बसलो, पण मुद्दे सगळे त्याच्याच बाजूचे निघाले.

तुमच्याकडे मी जुनी पेडल मागायला आलो, तर कृपया देऊ नका.