फोकसवाले साडू आणि मिठाचं मैदान

माझ्या साडूंनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवला नाही. ठेवला तो फक्त अंतरावर. देव, डॉक्टर, महापालिका आणि सासुरवाडी हे चारही विभाग त्यांच्या मते अंदाजपंचे चालतात. अंतर मात्र खोटं बोलत नाही. साडू सिनेमाच्या युनिटमध्ये फोकस पुलर आहेत. म्हणजे कॅमेरा लावणारा वेगळा, दृश्य ठरवणारा वेगळा, आणि नट पुढे आला, मागे गेला तरी त्याचा चेहरा धूसर होऊ नये म्हणून लेन्सची रिंग बरोबर तेवढीच फिरवणारा हा तिसरा. हा माणूस आहे हे प्रेक्षकांना कधी कळत नाही. चुकला तरच कळतं. असं काम पस्तीस वर्षं केल्यावर गृहस्थाचं काय होतं ते पाहायचं असेल तर धायरीला त्यांच्या घरी जावं. शक्यतो जेवून जावं, कारण पंगतीत मीठ कुठे आहे असं विचारलं तर "तुमच्या उजव्या कोपरापासून एक फूट दोन इंच" असं उत्तर मिळतं आणि मीठ कोणी पुढे करत नाही.

माझी मेव्हणी सांगते की तिला पाहायला आले तेव्हा यांनी तिला एकच प्रश्न विचारला, "जरा मागे सरकता का?" आजही तिने पोहे कसे केले होते, साडी कुठली होती, यातलं त्यांना काहीही आठवत नाही. ती सहा फूट आठ इंचांवर बसली होती हे मात्र ते तारखेसकट सांगतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन शेजारी एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले होते. तेव्हा साडूंनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून चहा पिता पिता निकाल दिला की पहिल्याची गाडी चार इंच आत आहे आणि दुसऱ्याची पाच. मी सोसायटीचा खजिनदार. टेप घेऊन खाली गेलो आणि मोजलं. निकाल बरोबर होता. दोघेही शेजारी तेव्हापासून साडूंशी बोलत नाहीत. धायरीत तर बांधाचा वाद झाला की जुनी मंडळी म्हणतात, "सरकारी मोजणीला वरीस लागतं. पावण्यांना बोलवा, त्ये नुसतं बघून सांगत्यात." पावणे जातात, बघतात, सांगतात, आणि दोन्ही पक्षांच्या शिव्या खाऊन घरी येतात. दोन्हीकडून शिव्या बसल्या म्हणजे माप अचूक, असं त्यांचं मत आहे.

गेल्या वर्षी अक्षयतृतीयेनंतरच्या रविवारी, आमच्या जेवणाच्या टेबलापाशी, माझी बायको, मेव्हणी, साडू आणि मी अशा चौघांच्या उपस्थितीत माझं आफ्रिकेला जाणं ठरलं. त्यांच्या युनिटचा हिशेबनीस ऐनवेळी गळला होता, आणि मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरातल्यांना सल्ले देत बसलो होतो. दीड लाख रुपये, राहणं-जेवण कंपनीचं, आणि सिंहाने खाल्ल्यास विमा. बायकोने शेवटचं कलम दोनदा वाचून घेतलं. पुण्याचा एक इंजिनियर आफ्रिकेत स्वतःचा शोध घेतो, असा सिनेमा होता. हा शोध पुण्यात का लागत नाही, असं मी दिग्दर्शकाला विचारलं. "काका, पुण्यात थांबायला जागा कुठाय?" तो म्हणाला. माणूस बरा वाटला.

जोहान्सबर्गला उतरून दोन गाड्यांतून आम्ही अकरा जण बोट्सवानाकडे निघालो. जून महिना, आपल्याकडे उकाडा, तिकडे हिवाळा. प्रवासभर साडू खिडकीशी बसून येणाऱ्या जाणाऱ्या गोष्टींची अंतरं सांगत होते. कोणी विचारलेलं नव्हतं. बोट्सवानात गुरांचे रोग पसरू नयेत म्हणून रस्त्यावर जागोजागी कुंपणं घातलेली आहेत. तिथे गाडीतून उतरून औषधाच्या पाण्यात बूट बुडवावे लागतात; पायातले तर लागतातच, पेटीत बांधलेलेही काढून बुडवावे लागतात. साडूंच्या पायात कोल्हापुरी. तिथल्या बाईंनी नम्रपणे चपला मागितल्या. साडूंनी तितक्याच नम्रपणे नाही म्हटलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना इंग्रजीत सांगा, ही चप्पल बरोबर अकरा इंचांची आहे. पावलं टाकून मी जमीन मोजतो. कातडं भिजलं की आखडतं." मी एवढंच भाषांतर केलं की गृहस्थांना चपलेचा लळा आहे. बाई हसल्या, आणि त्यांनी दोन्ही चपला स्वतःच्या हाताने बुडवल्या. तीन दिवसांनी त्या वाळल्या तेव्हा साडूंनी त्या पट्टीवर ठेवून पाहिल्या आणि पुढचा सगळा प्रवास मला ऐकवलं, "पाव इंच गेला, खजिनदार. कुठल्या खात्यात टाकताय?"

नदीकाठच्या जंगलात मात्र त्यांचा रुबाब पाहण्यासारखा होता. एका झाडाखाली सिंहीण पहुडली होती. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, आणि त्या शांततेत साडू म्हणाले, "बावीस फूट." मी ते इंग्रजीत सांगितल्यावर वाटाड्या कुजबुजला की तीस तरी असेल. "शेपटीपर्यंत म्हणत असाल तर," साडूंनी मराठीत सांगितलं. टेप लावून खात्री करायला कोणी तयार झालं नाही. पण सिंहिणीचं ते दृश्य असं निघालं की तिच्या मिशा मोजता याव्यात. कॅमेरा सांभाळणाऱ्या मॅडम तिशीतल्या, साडूंच्या मुलीच्या वयाच्या. त्यांच्याकडे फोकस अचूक दाखवणारा छोटा पडदा होता. साडूंनी त्यावर पहिल्याच दिवशी आपला पंचा टाकला होता. "पडद्यात बघून कळतं ते होऊन गेल्यावर कळतं," ते म्हणत. "मला होण्याआधी कळायला लागतं." सिंहिणीनंतर मॅडमनी तो पंचा काढायचा विषय सोडून दिला.

आणि मग आम्ही मिठाच्या मैदानावर गेलो. एके काळी तिथे सरोवर होतं म्हणतात. आता नजर जाईल तिथपर्यंत पांढरा सपाट थर. झाड नाही, दगड नाही, गवताची काडी नाही. आभाळ कुठे सुरू होतं तेही विचारावं लागतं. सिनेमाचं शेवटचं दृश्य इथलं होतं. इंजिनियर लांबून, ठिपक्यापासून, चालत चालत अगदी कॅमेऱ्यापर्यंत येतो आणि त्याचे डोळे पडदाभर दिसतात. मध्ये कुठेही कट नाही. माणूस एकदा चालला की मिठावर पावलं उमटतात, म्हणून दर खेपेला कॅमेरा उचलून कोऱ्या जागी न्यायचा. हवा तसा उजेड मावळतीच्या आधी थोडाच वेळ. हाताशी तीन संध्याकाळी.

पहिल्या संध्याकाळचं चित्रण आम्ही जेवणाच्या तंबूत पाहिलं. मागचं मीठ स्वच्छ, पुढचं मीठ स्वच्छ, आणि मधला इंजिनियर दुधात भिजवलेल्या पोह्यासारखा. साडूंनी लेन्स बदलून मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नटाच्या वाटेच्या कडेने, फ्रेमबाहेर, खुणेसाठी पाण्याच्या बाटल्या मांडल्या; कॅमेऱ्यामागून पाहिलं तर त्या लवलवत्या पांढऱ्यात सगळ्या बाटल्या मिळून एकच बाटली झाली होती. पुन्हा पोहे. त्यांनी थंडीला दोष दिला, मिठाला दिला, थोडा मलाही दिला. मॅडम सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "काका, उद्या शेवटची संध्याकाळ आहे. पहिली खेप तुम्ही करा. ती पुन्हा धूसर गेली तर दुसरी मी पडदा बघून स्वतः करेन. मला दुसरा इलाज नाही."

"बरोबर आहे तुमचं," साडू म्हणाले.

सव्वीस वर्षांत हा माणूस कोणाला बरोबर म्हणाल्याचं मी ऐकलेलं नव्हतं, म्हणून मी घाबरलो. सिनेमावाल्यांच्या जगात बातमी पुण्याला आमच्याआधी पोहोचणार होती. फोकस पुलरला बाजूला करून कॅमेरावाल्या बाईंनी स्वतः काम केलं, एवढं एक वाक्य पुरे. त्यानंतर साडूंना कोणी बोलावलं नसतं, आणि बोलावलं असतं तरी ते गेले नसते.

सकाळी मी तंबूबाहेर बिलं लावत बसलो होतो. साडू आले आणि समोर उभे राहिले.

"खजिनदार, संध्याकाळी काय करताय?"

"मिठात काय करणार? बसलोय."

"चालाल का?"

"कुठे?"

"माझ्याकडे."

मग खाली मिठावर बसत ते म्हणाले, "झाड असतं, विजेचा खांब असता, नुसती एक म्हैस असती तरी मी डोळे मिटून केलं असतं. इथे काहीच नाही हो. तो नट पाच फूट दहा आहे म्हणतो, पण बुटात टाच घालतो. रोज नव्या चालीने चालतो. त्या पांढऱ्यात तो पन्नास फुटांवर आहे की दोनशे, मला..." माझ्या बिलांवरची पाण्याची बाटली उगाच उचलून त्यांनी पुन्हा ठेवली. "मला मोकळा माणूस मोजता येईना. ओळखीचा लागतोय."

"आणि तो मी?"

"तुम्हाला सव्वीस वर्षं बघतोय. बारशात, मुंजीत, गच्चीवर, रेशनच्या रांगेत. तुम्ही गल्लीच्या टोकाला दिसलात की मला बघावं लागत नाही. पोट दिसलं की आकडा येतो."

माझ्या पोटाचा इतका आदराने उल्लेख आजवर कोणी केलेला नव्हता. मी हो म्हटलं. त्यांनी लगेच अटी घातल्या. सकाळी फिरायला जाताना घालतो तोच मरून स्वेटर. हातात पिशवी. "रिकामी नको, काहीतरी भरा. पिशवीशिवाय तुम्ही मला अर्धे दिसता." नटाच्या डाव्या हाताला, फ्रेमच्या बाहेर, त्याच्या पावलाला पाऊल लावून चालायचं. आणि रुबाबात चालायचं नाही, नेहमीसारखं चालायचं. मॅडमना मी स्वतः जाऊन विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच म्हणाल्या, "फ्रेममध्ये येणार नाही ना, काका?"

संध्याकाळी मी आणि नट त्या मिठावर इतके लांब जाऊन उभे राहिलो की कॅमेरा आम्हाला मुंगीएवढा दिसत होता. नट भूमिकेत शिरला होता, त्यामुळे बोलत नव्हता. मी पिशवीत कांदे भरले होते. वॉकीटॉकीवर दिग्दर्शकाचा आवाज आला आणि आम्ही निघालो. तो स्वतःच्या शोधात, मी त्याच्या शेजारून भाजी घेऊन घरी चाललेला. मिठाचा थर कुरकुरत होता. थोडं जवळ आल्यावर मला साडू दिसले. त्यांचा हात रिंगवर होता. ते नटाकडे बघत नव्हते, लेन्सकडेही नाही. एकटक माझ्याकडे बघत होते. इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कोणी कधी पाहिलेलं नाही, लग्नातसुद्धा नाही. मी खूप प्रयत्न करून नेहमीसारखा चाललो. नेहमीसारखं चालणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. नट कॅमेऱ्यासमोर येऊन थांबला, मी त्याच्या बाजूने तसाच पुढे गेलो, आणि साडूंचा हात थांबला.

उजेड अजून होता, म्हणून चित्रण कॅमेऱ्यापाशीच लावलं. ठिपका माणूस झाला, माणसाला चेहरा आला, चेहऱ्याला पापण्या आल्या. कुठेही काही हललं नाही. मॅडमनी ते दुसऱ्यांदा लावून पाहिलं आणि मग तो छोटा पडदा पेटीत बंद केला. "दुसरी खेप नको," त्या म्हणाल्या. साडू उठून लांब गेले. मी मागून गेलो तर मावळतीकडे तोंड करून उभे होते. "कांदे कशाला भरलेत?" ते म्हणाले. "पिशवी डावीकडे झुकत होती. मधे एकदा फुटाचा फरक पडला असता."

सिनेमा यंदा लागला आणि दोन आठवडे सकाळच्या खेळाला टिकला. ते दृश्य कापून आठ सेकंदांचं झालं होतं, त्यावर एक गाणं होतं, आणि तेवढ्यात माझ्या शेजारचा गृहस्थ खुर्चीखाली चपला शोधत होता. साडू घरोघरी सिंहीण सांगतात, बावीस फूट सांगतात, आखडलेली चप्पल दाखवतात. मिठाचं मैदान सांगत नाहीत. मीही सांगत नाही. त्यानंतर त्यांना दोन कामं आली, दोन्ही स्टुडिओतली, पडद्यात बघून करायची. त्यांनी नाही म्हणून कळवलं. मोकळ्या मैदानातलं असलं तर सांगा, म्हणाले. तसं अजून आलेलं नाही.

परवा माझ्या डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगून आठ किलो वजन कमी करायला फर्मावलं. बातमी बायकोकडून मेव्हणीला आणि तिथून धायरीला गेली. संध्याकाळी साडूंचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग इकडचं तिकडचं झालं.

"डॉक्टर म्हणतात ते करा, खजिनदार," ते शेवटी म्हणाले. "पण घाई करू नका. एखादं काम येईल. तुम्ही बारीक झालात तर मला तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून पाठ करावं लागेल."

"किती दिवस थांबू?"

"बघू," ते म्हणाले. फोन मात्र दोघांनीही लगेच ठेवला नाही.

भात एक मूद कमी करायचा असं मी रोज ठरवतो आणि पानावर बसल्यावर राहून जातं. बायको विचारते, डॉक्टरांचं ऐकायचं कधीपासून? पुढच्या महिन्यापासून, मी सांगतो.