चढावर पडणारे तीन काटे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलांना नाही. सांगण्याजोगे काही उरले नव्हते असे मीच स्वतःला पटवत आलो – आणि तुम्हाला ठाऊक आहे, पटवण्यात मी कधी हरलेलो नाही.

ड्रायव्हर महादेवचा डंपर बिघडला, त्याविषयी आमच्याकडे दोन गोष्टी सांगतात. एक, तो दसऱ्याला पिऊन आला होता. साफ खोटे. वांकिडी गावचा तो माणूस दारूला शिवत नसे. दुसरी, कंत्राटदाराच्या दडपणाखाली मी बिघाडाचा अहवाल लिहिला. हेही खोटे. आदिलाबादच्या त्या कोळसाखाणीवर मला, वर्कशॉपच्या मिस्त्रीला, दटावणारा कोण होता? जे लिहिले ते माझे मी लिहिले.

नव्वदचे दशक संपत आले होते. नव्या डंपरच्या इंजिनावर सेन्सर आले होते – ऑईलचा दाब, पाण्याची उष्णता, हवेचा दाब – आणि ड्रायव्हरसमोर त्यांचे तीन काटे. तिन्ही सेन्सरना कंट्रोल बॉक्समधून एकाच बारीक तारेने पाच व्होल्ट मिळत. हे पुस्तकात होते. पुस्तक माझ्या कपाटात होते. वाचले होते का? तीस वर्षे तारेत वीज आहे की नाही ते दाखवणाऱ्या चोवीस व्होल्टच्या टेस्ट लॅम्पवर गाड्या जिवंत करणाऱ्याने पुस्तक वाचायचे?

महादेव तीनदा सांगून गेला होता. "मिस्त्री, चढावर गेलं का तिनई काटे एकदमच पडते. सपाटीवर आलं का उठते. तार कुठंतरी घासून राह्यली."

"तू गाडी चालव. तार मी पाहतो," मी म्हणालो. चारचौघे हसले. मला ते आवडले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डंपर वर्कशॉपात आला. पूजेसाठी महादेवने तो धुतला होता – इंजिनवर पाणी मारू नये हा नियम असूनही, सगळेच धूत. महादेव चहाला गेला आणि मी त्या तारेला लॅम्प लावला. दिवा लागेना. पाच व्होल्टवर तो लागतो थोडाच? मी ठरवले, तार मेली आहे. आणि बॅटरीवरून थेट चोवीस व्होल्ट त्या तारेत सोडले.

एक बारीक वास आला. कंट्रोल बॉक्स जळाला होता.

कोणी पाहिले नव्हते. हाताशी काय होते? झेंडूची माळ, धुतलेले इंजिन. मी लिहिले – ड्रायव्हरने पाणी मारल्याने बॉक्स निकामी. महादेवला कामावरून काढले.

नवा बॉक्स बसला. नव्या ड्रायव्हरने पहिलाच चढ घेतला आणि तिन्ही काटे पडले. त्या दिवशी मी एकट्याने पूर्ण तार तपासली. ब्रॅकेटवर ती घासून उघडी पडली होती. चढावर इंजिन मागे कलले की ती लोखंडाला टेके आणि तिन्ही काटे एकदम पडत. वीतभर चिकटपट्टी लागली. अहवाल फिरवायला एक ओळ लागली असती – ती मी लिहिली नाही. माणूस कामावरून गेला तो गेला, पण मी चुकलो असे कागदावर? नाही.

यानंतर चार दिवसांनी महादेव फाटकाशी आला. उपरण्यात सीताफळे होती. भांडायला आला असता तर मी भांडलो असतो. भांडणाची तयारी माझी नेहमीच असे. तो म्हणाला, "मिस्त्री, माह्या हातानं मशीन मेली. धुवाले नोको होतं. तुमाले उगाच तरास."

त्याला ते खरे वाटत होते. स्वतः ओळखलेला तारेचा दोषही तो विसरला होता – मी लिहिले म्हणून.

मी सीताफळे घेतली. म्हणालो, "पुढं ध्यान ठेव."

पुढे तो गावी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत असे. दसऱ्याला मालक ओरडे, तरी तो ट्रॅक्टरला पाण्याचा थेंब लागू देत नसे. वाळलेल्या चिखलावरच हळदकुंकू वाही. मरेपर्यंत.

हे मी एकदा स्वतः पाहिले. रस्त्यावर उभा राहून पाहिले, आणि आलेल्या बसमध्ये चढलो.