डब्यातल्या नेवऱ्या कोणी खाल्ल्या

आमच्या घरातला कुत्रा कुणाचाच नाही. सासऱ्यांना विचारलं तर तो माझ्या नवऱ्याचा, नवऱ्याला विचारलं तर सासूबाईंचा, आणि सासूबाई म्हणतात, "माझा कसला? रस्त्यावरून आला नि राहिला." मला या घरात येऊन सोळा वर्षं झाली, त्याला सहा. तरी त्याचा नंबर माझ्या आधी लागतो हे मी केव्हाच मान्य करून टाकलंय. इथं नावं कुणाचीच घ्यायची नाहीत असं ठरवलंय, म्हणून त्याचंही घेत नाही. नाहीतर तो एकटाच बदनाम व्हायचा, आणि या सगळ्या प्रकरणात निर्दोष असा तोच एक होता.

आम्ही कारापूरचे. चवथीला पाच दिवसांचा गणपती. ते पाच दिवस घरात मासळीचं नावही निघत नाही. माणसांचं ठीक आहे, खतखतं, वडे, पायस करत दिवस जातात. पण एरवी हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, कालवलेला भात आणि वर बांगड्याचं डोकं खाणाऱ्या कुत्र्यापुढं जेव्हा नुसता वरणभात येतो, तेव्हा तो एकदा भाताकडे बघतो आणि एकदा आपल्याकडे. बोलत काही नाही. त्या बघण्यानं आमच्या घरातली चारही मोठी माणसं एकेकटी गाठून पार विरघळवली, हे आम्हाला नंतर कळलं.

आता नेवऱ्यांचं सांगते. नेवऱ्या म्हणजे करंज्याच, पण असं सासूबाईंसमोर म्हणायची सोय नाही. त्यांच्या नेवरीत सुकं खोबरं, साखर, तीळ, वेलची आणि बेदाणे. बेदाण्यांच्या बाबतीत त्यांचा हात फार सढळ. शेजारणी म्हणतात, एका नेवरीतल्या बेदाण्यांत आमची पायस होईल. दरवर्षी त्यातल्या चाळीस नेवऱ्या मोजून पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि विसर्जनानंतर केरीला, माझ्या नणंदेकडे पाठवायच्या. त्या डब्याला हात लावायची कुणाची छाती नाही. सासऱ्यांची तर मुळीच नाही, कारण त्यांना साखरेचा आजार आहे. त्यांच्या ताटात रोज एकच नेवरी, तीही अर्धी मोडून.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी डबा उघडला. आत अठरा.

"नेवऱ्या कोणी खाल्ल्या?" हा प्रश्न त्यांनी स्वयंपाकघरात विचारला, पण तो साखळीच्या बाजारापर्यंत गेला असेल. सासरे बाहेर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, पेपर वाचत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, "कुत्र्यान खाल्ल्यान आसतील."

त्या डब्याचं झाकण उघडायला मला पळीचा दांडा लागतो. कुत्र्यानं ते उघडलं कसं, बावीस नेवऱ्या खाऊन परत घट्ट लावलं कसं, हा विचार त्या क्षणी कुणीच केला नाही. मीही नाही, आणि स्वतःला मी या घरातली एकमेव डोकं चालवणारी बाई समजते. सासूबाईंनी त्याला मागच्या अंगणात बांधून घातलं आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो खाली मान घालून ऐकत राहिला. सासरे पेपर वाचतच राहिले.

दुपारी तो ओकला. पुन्हा ओकला. सासूबाई म्हणाल्या, बावीस नेवऱ्या खाल्ल्यावर दुसरं काय होणार. तरी मीठमोहरी ओवाळून त्यांनी त्याची दृष्ट काढली, ताकात हळद घालून पाजली, तीही त्यानं ओकून टाकली. सासरे म्हणाले, "गवत खाईल, बरा होईल." दुसऱ्या दिवशी त्यानं गवताकडे बघितलंसुद्धा नाही. पाणीही नको. संध्याकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंपू वाजला. पोदेर म्हणजे आमचा पाववाला. तो भोंपू ऐकून आमचा कुत्रा रोज फाटकापर्यंत पळतो, पावाचा तुकडा मिळाल्याशिवाय सायकल पुढं जाऊ देत नाही. त्या दिवशी त्यानं फक्त एक कान हलवला. सासऱ्यांनी पेपराची घडी केली, कदेलावरून, म्हणजे खुर्चीवरून, उठले आणि नवऱ्याला म्हणाले, "गाडी काढ."

डिचोलीला जनावरांचा दवाखाना आहे. डॉक्टर म्हणजे तिशीची मुलगी, केस बांधलेले, आवाज शांत, पण समोरच्याला लगेच सरळ बसायला लावणारा. आम्ही चौघंही गेलो होतो. एका गावठी कुत्र्यामागं चार माणसं बघून तिला गंमत वाटली असावी, पण तिनं दाखवलं नाही. रक्त काढलं, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय खाल्लंय यानं?"

"नेवऱ्या," सासूबाई म्हणाल्या. "बावीस."

"नेवऱ्यांत काय घालता?"

सासूबाईंनी पाढा वाचला. खोबरं, साखर, तीळ, वेलची, बेदाणे. बेदाण्यांपाशी डॉक्टरचं पेन थांबलं. "बेदाणे किती?"

"भरपूर," सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा शब्द हळू उच्चारला.

तेव्हा आम्हाला कळलं की बेदाणा कुत्र्याला विषासारखा बाधू शकतो. काहींना काही होत नाही, काहींची मूत्रपिंडं थोडक्या बेदाण्यांनीही बंद पडतात, आणि आपला कोणत्यातला ते आधी कळत नाही. डॉक्टर म्हणाली, "बावीस नेवऱ्या, म्हणजे जवळजवळ वाटीभर बेदाणे. इतकं पोटात गेलं असेल तर मी इथं सलाईन लावून वेळ घालवणार नाही. आत्ताच्या आत्ता बाहेरच्या मोठ्या शहरात न्यावं लागेल, रक्त धुवायची मशीन असेल तिथं. खर्च लाखाच्या पुढं जाईल. आणि रस्त्यात काय होईल याची खात्री मी देऊ शकत नाही."

नवऱ्यानं फोन काढला. कुणाला लावायचा हे त्यालाही ठाऊक नव्हतं, नुसताच हातात धरून उभा राहिला. कुत्रा टेबलावर पडून होता. सासूबाई त्याच्या कानामागं खाजवत होत्या आणि म्हणत होत्या, "बांधून घातला रे तुका मी." आणि सासरे भिंतीवरच्या गोचिडांच्या तक्त्याकडे बघत होते. माणूस गोचिडांकडे इतकं लक्ष देऊन बघायला लागला की समजावं, काहीतरी आहे.

"त्यानं बावीस नाय खाल्ल्यो," ते तक्त्यालाच म्हणाले.

"मग किती?" डॉक्टरनं विचारलं.

"चार. माझ्या हातातून. शेवटच्या दोन दिवसांत."

"आणि बाकीच्या अठरा?"

सासऱ्यांनी खाणीच्या ऑफिसात पस्तीस वर्षं ट्रक मोजलेत. आकड्यात ते कधी चुकत नाहीत. "बाकीच्या मी," ते म्हणाले.

अठरा नेवऱ्या, साखरेचा रोगी, रोज सकाळी बायकोच्या हातून गोळी घेणारा, आणि वर कुत्र्यावर आळ. सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली असणार, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त भयंकर होतं. तेव्हापासून त्यांनी सासऱ्यांशी बोलणंच टाकलं.

डॉक्टर मात्र आकडा खोडून "चार" लिहायला लागली. तेव्हा सासूबाईंनी घसा साफ केला. "तीन मी घातलेल्या," त्या म्हणाल्या. "माझ्या ताटातल्या. उपाशी होता तो." नवरा म्हणाला, "दोन मीही." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कानावर हात ठेवणार होते, खरंच सांगते. पण तो टेबलावर पडल्या पडल्या माझ्याकडेच बघत होता. "दोन," मी म्हणाले. नेवऱ्या अकरा झाल्या.

डॉक्टरनं आकडा लिहिला आणि विचारलं, "त्यानं स्वतः चोरून खाल्ल्या असतील अशा किती?"

एकही नव्हती.

अकरा म्हणजे बावीस नव्हे, एवढाच काय तो दिलासा. इथं ठेवून बघू, ती म्हणाली. सलाईन लावलं, औषधं सुरू झाली. तिनं आम्हाला एकच गोष्ट बजावली. लघवी. मूत्रपिंडं चालू असतील तर लघवी होईल, आणि झाली तर आशा आहे. इतकं पाणी नसेतून जाऊनही उद्या संध्याकाळपर्यंत झाली नाही, तर मग माझ्या हातात फारसं नाही, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुणीच कामावर गेलो नाही. मी शिकवते त्या शाळेत, घरात आजारपण आहे म्हणून कळवलं. कुणाचं, ते मुख्याध्यापकांनी विचारलं नाही. पहिल्या दिवसाचं बिल नवऱ्यानं उलटून पाहिलं, मागं दुसऱ्या कुणाचं नाव आहे का म्हणून. गावात विचारणारे होतेच. गावठी कुत्र्यावर इतका खर्च? दुसरा फुकट मिळाला असता की. त्यामुळे सासऱ्यांनी लोकांना बिलाचा निम्मा आकडा सांगितला, नवऱ्यानं पाव सांगितला, आणि सासूबाईंनी डॉक्टर ओळखीची आहे, पैसे घेतच नाही म्हणून सांगून टाकलं. मी खरा आकडा सांगितला तो कुणालाच खरा वाटला नाही.

सासरे दवाखान्यात कुत्र्याच्या शेजारी जमिनीवर चटई टाकून बसले होते. ज्या माणसाला घरात कदेलाशिवाय बसता येत नाही, गुडघे दुखतात, तो सकाळपासून मांडी घालून होता. दर दहा मिनिटांनी त्याच्याखालचं फडकं हात लावून बघायचे. कोरडं. सासूबाई दाराशी बसून त्यांच्याकडे न बघता फडक्याकडे बघायच्या. दुपारच्या रिपोर्टमधले आकडे कालच्यापेक्षा वाढले होते. डॉक्टरनं ते वाचून दाखवले नाहीत, नुसते नवऱ्याच्या हातात दिले. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. मला रडू येत होतं आणि एका कुत्र्यासाठी परक्या माणसांत रडायची लाज वाटत होती. आता लिहिताना वाटतं, लाज कसली त्यात.

चार वाजता सासरे उठले. "हो आत करूचो नाय," कुत्र्याकडे बोट दाखवून ते डॉक्टरला म्हणाले.

"म्हणजे?"

"छपराखाली नाय करत तो. सहा वर्षांत एकदा केल्यान नाय. भर पावसात बाहेर जातो. तुमी त्याला घरात झोपवलंय. तो धरून ठेवतलो."

मला वाटलं, आता हे डॉक्टरला शिकवणार. नवरा म्हणाला, "बाबा, मूत्रपिंडाचा प्रश्न आहे, संस्काराचा नाही." पण डॉक्टरनं सासऱ्यांकडे जरा वेळ बघितलं, मग कुत्र्याच्या पोटाला खालून हात लावून पाहिला, आणि म्हणाली, "न्या बाहेर. सलाईन काढायचं नाही. बाटली उंच धरा."

नवऱ्यानं त्याला उचलला. बाटली सासऱ्यांनी घेतली. दवाखान्याच्या मागं काजूचं झाड आहे, तिथं त्याला उभा केला. सासूबाई मागच्या दारातच थांबल्या. पाय थरथरत होते. त्यानं जमीन हुंगली, झाड हुंगलं, दोन पावलं टाकली आणि थांबला. आम्ही सगळे दुसरीकडे बघायला लागलो, त्याला अवघड वाटू नये म्हणून. चार शहाणी माणसं आणि एक डॉक्टर, काजूच्या झाडाकडे पाठ करून. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सासऱ्यांचा हात वर तसाच होता. नवरा म्हणाला, "द्या माझ्याकडे," तर ते "गप," एवढंच म्हणाले.

मग त्याचे मागचे पाय खचले. तो पडणार म्हणून मी वळले. पडला नाही. सासऱ्यांच्या पायाला टेकून राहिला, सगळा भार त्यांच्यावर टाकून. आणि चवथीला घेतलेल्या त्यांच्या नव्या, पांढऱ्या पँटचा गुडघ्याखालचा भाग हळूहळू पिवळा व्हायला लागला.

आधी थोडंसं. मग धार.

सासरे पुतळ्यागत उभे. हात वर, बाटली हातात, पँट पोटरीला चिकटलेली, चपलेत पाणी. रडत होते ते. लपवत नव्हते, डोळेही पुसत नव्हते, कारण एक हात बाटलीला होता आणि दुसरा त्याच्या डोक्यावर. डॉक्टर पुढं झाली आणि खाली वाकून बघायला लागली. मला तिचा चेहरा दिसला आणि माझ्या जिवात जीव आला.

सासूबाई दारातून उतरून आल्या. कालपासून पहिल्यांदा त्या त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. भिजलेल्या पँटकडे बघितलं, वर धरलेल्या हाताकडे बघितलं, आणि बाटलीसाठी हात पुढं केला.

"द्या हय," त्या म्हणाल्या. "हात भरून आला आसतलो."

सासरे हलले नाहीत. अगदी हळू, त्याला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "थांब गो. अजून करतोय तो."