चमकीच्या फिरक्या करणारे आबा आणि शाळेची आगगाडी

धुळ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत एक छोटी आगगाडी होती. परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थिनीने ती भेट दिलेली. एक इंजिन, पाच डबे आणि जोडले की लंबगोल होणारे रूळ. विजेवर ती पळायची. पण पहिलं वर्षभरच. मग जागच्या जागी गुरगुरायला लागली आणि मुख्याध्यापिकाबाईंनी तिला काचेच्या कपाटात शोभेला ठेवलं.

मी तिथे विज्ञान शिकवायचे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावला विज्ञान प्रदर्शन भरणार असल्याचं पत्र आलं, तेव्हा मी बाईंना म्हटलं, "आपण गाडी नेऊ या."

"चालत नाही ती. तीन दिवस लोकांना काय दाखवणार?"

"चालवून दाखवते."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आठवडाभर आधी मला ती सलग तासभर चाललेली दिसली पाहिजे. नाहीतर दरवर्षीचा ज्वालामुखी न्यायचा."

त्या ज्वालामुखीला मी विटले होते. रविवारी प्रयोगशाळेत इंजिन उघडलं. शाळेच्या पलीकडेच कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं, त्यामुळे प्रत्येक आसाभोवती कापसाची वात वळलेली. त्यात कुणीतरी भरपूर खोबरेल ओतलेलं. धुळीत मिसळून त्याचा डिंक झाला होता. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने सगळं पुसलं. काळे पडलेले रूळ खोडरबराने घासले, तशी त्यांना चकाकी आली. शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब दिलं. गाडी सुटली! अर्धी फेरी टक्, टक्, टक् करत गेली आणि थांबली.

भिंगाखाली कारण दिसलं. आसावरचं प्लास्टिकचं दातेरी चाक, हरभऱ्याएवढं, मधोमध तडकलं होतं. चिकटवून पाहिलं, दोनदा सुटलं. दुकानात सुटे भाग मिळत नव्हते आणि परदेशातून मागवायला वेळ नव्हता.

मग मला आग्रा रोडमागच्या गल्लीतले आबा आठवले. ते सोनार. नाकातल्या चमकीच्या फिरक्या ते हाताने करत आणि तांदळाच्या दाण्याहून बारीक तारेवर आटे पाडत. मी तडकलेलं चाक त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"ताई, हाई काय शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"आगगाडीचं चाक, आबा. असंच पितळेचं हवं."

डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते बराच वेळ फिरवलं. "दात बठ्ठा, एकूण एक, सारखा पाहिजेत. एक बी चुकना ते गाडी रुसी जाई."

चार दिवसांनी चाक मिळालं. मी घाईघाईने बसवलं. मोटर तापली, जळका वास आला आणि मी झटकन वीज तोडली. दात जाड झाले होते. चाक घेऊन मी परत दुकानात गेले, तर काही बोलायच्या आत आबांनी ते वितळवायला मुशीत टाकलं. "पहिलं गयं. आते दुसरं."

दुसरं फिरलं, पण जात्यासारखं घरघरत. मी हटून बसले. डबे न जोडता इंजिन दुपारभर हळू चालवलं, अर्धा वेळ पुढे, अर्धा वेळ मागे. तेलात काळपट कीस उतरायचा; तो पुसायचा, नवा थेंब द्यायचा. दात एकमेकांना सरावत गेले. शाळा सुटेपर्यंत घरघर विरली आणि एक बारीक, सलग गुणगुण उरली. मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले.

बाई घड्याळ घेऊन बसल्या. पाच डब्यांची गाडी फेऱ्या मारत राहिली. तास भरला, मी बटणाकडे हात नेला, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. चालू दे अजून."

जळगावला जाताना एसटीत इंजिन मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक खड्ड्याला मीच आधी उडायचे. प्रदर्शनात नियम केला: दर दोन तासांनी गाडी थांबवायची, रूळ पुसायचे, आसावरचे तंतू चिमट्याने काढायचे, एकच थेंब तेल. शेजारच्या टेबलावरचा पाणीपंप दुसऱ्या दिवशी बंद पडला, पवनचक्कीचं पातं निसटलं. आमची गाडी चालूच. असोद्याहून, यावलहून आलेली माणसं टेबलाभोवती दाटी करत होती. भुसावळचे एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "वंगण बरोबर आहे."

तिसऱ्या दुपारी गर्दीतून धोतर, काळी टोपी पुढे आली. आबा! दुकान बंद ठेवून, सकाळच्या एसटीने आले होते. ते टेबलाशी वाकले. गाडी त्यांच्या नाकासमोरून गेली, पुन्हा गेली. मग शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून मोठ्याने म्हणाले, "हाई गाडीनं चाक मी बनाडेल शे!"

सगळे त्यांच्याकडे वळले. मी गाडी थांबवली, इंजिन उलटं करून ते पिवळं चाक लोकांना दाखवलं, आणि परत रुळावर ठेवल्यावर बटण आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते इतकं जपून फिरवलं, की गाडी सुटल्याचं कुणाला कळलंच नाही. मग ती वेगात आली, आणि दालनभर टाळ्या पडल्या.