मांगोर्सीने विकत आणलेली तलवार

मोनारा पालापा कुटून विकते. आलं, मिरच्या आणि कांद्याची पात. फिलिपिन्समधल्या लानाओ सरोवराच्या पलीकडून माणसं तिच्याकडे पालापा मागवतात. तो इतका झणझणीत कसा, असं कोणी विचारलंच तर ती सांगते, "मिरच्या मी मांगोर्सीचं तोंड आठवून कुटते." लोक हसतात. ती हसत नाही.

मांगोर्सी तिचा सख्खा चुलतभाऊ. मारावीत लढाई पेटली त्या वर्षी सगळं शहर पायी बाहेर पडत होतं, तेव्हा हा जीप घेऊन दारात आला. मोनाराच्या म्हाताऱ्या बापाच्या मांडीवर घराण्याची सुंदांग होती. नागमोडी पात्याची तलवार, मुठीला हस्तिदंती काकाकुवाचं तोंड. त्या काकाकुवाचा एक डोळा मोनाराने लहानपणी दगडाने फोडला होता आणि त्यापायी मारही खाल्ला होता.

"काका, नाक्यावर पातं सापडलं तर जागीच गोळी घालतील," मांगोर्सी म्हणाला. "माझी ओळख आहे. द्या, मी सांभाळतो."

बापाने दिली. पोटच्या पोराला द्यावी तशी विश्वासाने दिली. पुढे मांगोर्सी हात झटकून मोकळा झाला, "सैनिकांनी हिसकावली, मी काय करू?" निर्वासितांच्या तंबूत बाप रोज विचारायचा, मांगोर्सी आला का, सुंदांग आणली का. विचारता विचारताच गेला. तंबूत मेला, परक्याच्या चटईवर.

मग एके दिवशी अस्नियाचा फोन आला. अस्निया मोनाराची भाची, दोहाला नर्स आहे. तिने एक फोटो पाठवला होता. मनिलात आमच्या मोरो लोकांच्या जुन्या तलवारींचा लिलाव होता, आणि त्यात फुटक्या डोळ्याचा काकाकुवा!

"बाबो," अस्निया म्हणाली. मोनाराला ती बाबो म्हणते, म्हणजे आत्या. "कुणीतरी मारावीच्या माणसाकडून चाळीस हजार पेसोला घेतली होती म्हणे. आता दोन लाखांना गेली."

चाळीस हजार. बापाची अब्रू चाळीस हजारांना! मोनाराने त्या दिवशी डूख धरला. पुढच्या वर्षी तलवार कुण्या परदेशी शौकिनाकडून पुन्हा लिलावात आली आणि पाच लाखांना गेली. मग आठ. या शौकिनांचं डोकं चालतं कसं ते देव जाणे. एकाने बोट वर केलं की दुसऱ्याला खाज सुटते. गावात खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण ज्याच्या घरी वर्षातून चार वेळा जेवायचं त्याला तोंडावर चोर कोण म्हणणार?

आणि मग मांगोर्सीला सुलतान व्हायची हौस आली. किताब घराण्याचा होता, जागा रिकामी होती. पैसा होता, मिरवायला माणसं होती. पण रीत आडवी आली. किताब घेणाऱ्याच्या कमरेला घराण्याची सुंदांग बांधायची, आणि ती गाठ थोरल्या पातीच्या लेकीने मारायची. थोरली पाती म्हणजे मोनाराच्या बापाची शाखा, आणि तिची लेक म्हणजे मोनारा.

"तलवारीशिवाय बसवणार नाही, असं आम्ही त्याला सांगितलंय," घराण्यातले वडीलधारे काका, बापा लोमोंदोत, तिला सांगायला आले. "येत्या लिलावात सोडवून आणतो म्हणतोय. पोरी, तलवार घरी येतेय ना? झालं गेलं विसर."

"विसरते की," मोनारा म्हणाली आणि लगेच अस्नियाला फोन लावला. "लिलावात माझं नाव घाल."

"बाबो, आपल्याकडे पैसे कुठेत?"

"पैसे त्याच्याकडे आहेत."

लिलावाच्या दुपारी मांगोर्सी मनिलात हजर होता आणि अस्निया दोहाहून फोनवर बोली लावत होती. दहा लाख. बारा. पंधरा. इकडे मोनारा तिच्या दुसऱ्या फोनवर एकच शब्द बोलत होती, "अजून."

"बाबो, आपल्यावरच थांबली तर? तुरुंगात जाईन मी!"

"त्याने निमंत्रणं वाटलीत. तो थांबत नाही. अजून!"

अठ्ठावीस लाखांवर अस्नियाने रडत लिलावाचा फोन ठेवला. तलवार मांगोर्सीला मिळाली. त्याचं घर गहाण पडलं, सरोवराकाठची जमीन गेली. मोनारा त्या दिवशी दोन वाडगे भात जेवली.

पण तिचं पोट एवढ्याने भरणार नव्हतं. ती मांगोर्सीला ओळखून होती. आमच्याकडे लग्नात वराने काय दिलं ते भोंग्यावरून ओरडून सांगतात. जेवढा आकडा, तेवढा मान. इतकी मोठी रक्कम मोजून मांगोर्सी गप्प बसला असता तर तो मांगोर्सी कसला?

किताबाच्या दिवशी पिवळे झेंडे लागले, घंटा वाजू लागल्या, नारळातल्या कोंबडीचे हंडे उतरले. मांगोर्सी रेशमी कपड्यांत उभा राहिला. त्याने स्वतः भोंगा हातात घेतला. "भावांनो, ही सुंदांग मी अठ्ठावीस लाख पेसो मोजून आणलीय. अठ्ठावीस लाख!" लोकांनी आरोळी ठोकली.

मोनारा पुढे झाली. तलवार तिच्या हातात आली. काकाकुवाच्या फुटक्या डोळ्यावरून तिचं बोट फिरलं.

"एवढी गाठ मार," मांगोर्सी कुजबुजला. "उद्या सकाळी तलवार तुझ्या घरी पोचवतो. कायमची. अल्लाची शपथ."

तो खरं बोलत होता. उद्यापासून त्याला तलवारीचा उपयोग नव्हता. मोनाराला बापाची मांडी आठवली. मग तंबूतली चटई आठवली.

"मांगोर्सी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "ही तुझी खरेदी, की आपल्या घराण्याची तलवार?"

"म्हणजे काय? घराण्याचीच!"

"मग आपल्या घरातून ती बाजारात गेली कशी, तेही सांग भोंग्यावरून. माझ्या बापाने कुणाच्या हातात दिली होती?"

घंटा वाजवणाऱ्या बायकांचे हात थांबले. चोर म्हणवून घेण्यापेक्षा मांगोर्सीला दुसरी वाट बरी वाटली. "ही... ही मी विकत घेतलेली आहे."

"सगळ्यांनी ऐकलंत?" मोनारा म्हणाली. "बाजारातल्या मालाला थोरली पाती गाठ मारत नाही. आमच्या तलवारीला भाव नव्हता. घे, तुझा माल तुला."

तिने तलवार त्याच्या हातात परत ठेवली. बापा लोमोंदोतांनी मान खाली घातली. "रीत तीच आहे," ते म्हणाले, आणि पाहुणे न जेवताच उठू लागले.

वर्षभरात सावकाराने मांगोर्सीचं घर घेतलं. तलवार पुन्हा लिलावात आली. चढवायला कोणी नव्हतं, भाव गडगडला. अस्नियाने दुकानाच्या वेळी फोन केला. ती आनंदाने ओरडत होती. "बाबो, साडेतीन लाखांवर अडकलीय! माझ्याकडे साठलेत तेवढे. घेऊ? नुसतं हो म्हण!"

मोनाराने तोंड उघडलं. आणि मग तिला कळलं. पैसे देऊन आणलेली ती तलवार कुठल्या तोंडाने घरात टांगायची? सगळ्या घराण्यासमोर तिने स्वतःच तिला बाजारातला माल म्हटलं होतं. उद्या मांगोर्सीच पहिला दारात येऊन विचारेल, काय गं, कितीला पडली?

"बाबो, लवकर! वेळ संपतेय."

"जाऊ दे," मोनारा म्हणाली.

"अगं, आजोबांची आहे ती!"

"जाऊ दे म्हटलं ना."

तलवार समुद्रापार कुणाकडे तरी गेली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मोनारा त्याच्यादेखत ओक्साबोक्शी रडली, आणि रडतानाही तिला मांगोर्सीची कीव आली नाही.