सासूच्या डोळ्यातले लाल ठिपके

हे मी नवऱ्यालेही सांगितलं नाही. तुले सांगून राह्यली — पण मले समजावू नको. गल्लीतल्या बाया म्हणतात, सून असावी तं अशी, आंधळ्या सासूले हात धरून चालवते. म्हणू दे.

पांढरकवड्याच्या एका डोळ्याच्या दवाखान्यात मी मशीनवर फोटो काढते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे. हनुवटी टेकवा, हिरव्या दिव्याकडे पाहा — झालं. रोग डॉक्टर ठरवते, पण रोज पाहून पाहून आपल्यालेही समजतेच ना?

माह्या सासूची नजर कशी होती, माहीत आहे? सुपातला खडा तिले अंगणातून दिसे. भाकरीची कच्ची कड, माह्या पदरावरचा डाग — सगळं दिसे, अन् चारचौघांत सांगे. लग्न झाल्यापासून त्या नजरेखाली राह्यली मी. खोटं कायले बोलू? द्वेषच होता.

तिले शुगर. अंधुक दिसते म्हणून एका दुपारी ती दवाखान्यात आली. डॉक्टर वणीले गेलते. मीच थेंब टाकले, मीच फोटो काढले. स्क्रीनवर रक्ताचे लाल ठिपके — दोन्ही डोळ्यांत. असे फोटो दिसले का मी डॉक्टरकडे पळत जाते. वेळेवर लेझर केलं तं नजर वाचू शकते, हे मले ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

मी फोटो पुसून टाकले. तिले सांगितलं, काही नाही आई, वयाचं आहे.

घाई नव्हती. चूकही नव्हती. वाटलं — दिसू दे थोडं कमी, मलेही श्वास घेऊ दे. घेतला. भाकरी कशीही झाली तरी कोणी बोललं नाही. बरं वाटलं — हो, वाटलं.

मंग एका सकाळी तिले समोरचा चहाचा कप सापडेना. नागपूरले नेलं. तिथला डॉक्टर म्हणे, आता काही होत नाही. वर चिडला — एवढ्या उशिरा काहून आणलं, आधी एखादा फोटो तरी काढायचा होता. मी बाजूलेच उभी. सासू त्याच्यावरच खेकसली.

"माही सूनच डोळ्याचे फोटो काढते. तिनं काढला माहा. असतं काही, तं सांगितलं नसतं का तिनं मले?"

डॉक्टरनं माह्याकडे पाह्यलं.

"नव्हतं काही," मी म्हटलं. हेही मीच म्हटलं. कोणी म्हणायले लावलं नाही.